कैदेतल्या लेखकासाठी सोलापुरातून काय करावं: ऑनलाइन सही, वकिलातीला पत्र की थेट कैद्याला पत्र?

आमचा वाचनगट दहा-बारा जणांचा. १५ नोव्हेंबर हा तुरुंगातल्या लेखकांचा दिवस. ‘पेन इंटरनॅशनल’ ही लेखकांची संघटना १९८१पासून तो पाळते. यंदा आपणही काहीतरी करायचं, इथवर सगळ्यांचं जमलं. काय करायचं, हे मात्र दोनदा चहा होऊनही ठरेना. पोरं म्हणाली, ऑनलाइन याचिकेवर सह्या करू, दोन मिनिटांचं काम. निवृत्त शिक्षक असलेले आमचे काका म्हणाले, त्या देशाच्या वकिलातीला पत्र टाकू. मी म्हणाले, कैद्यालाच लिहू. शेवटी ‘मग तूच तिन्ही तपासून सांग’ म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं.

मुळात परदेशातून दबाव आणून कुणी सुटतं का? सुटतं. पण किती जण ओरडतात यापेक्षा कोण बोलतं, याला जास्त किंमत असते. अल्जेरियाचे लेखक बुआलेम सन्साल यांना नोव्हेंबर २०२४मध्ये अटक झाली, पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याकडे फ्रान्सचंही नागरिकत्व, त्यामुळे फ्रान्सने आवाज उठवला, युरोपीय संसदेने ठराव केला. पण पश्चिम सहारा या मोरोक्कोच्या ताब्यातल्या वादग्रस्त प्रदेशाच्या प्रश्नावरून फ्रान्स आणि अल्जेरियाचं आधीच बिनसलेलं. फ्रान्सचं ऐकणं म्हणजे अल्जेरियाला हार वाटली असती. नोव्हेंबर २०२५मध्ये जर्मनीच्या अध्यक्षांनी आजारी माणसावर दया करा अशी विनंती केली आणि दोन दिवसांत माफी मिळाली. अल्जेरियाचे अध्यक्ष २०२०मध्ये स्वतः जर्मनीत उपचार घेऊन आले होते. ओळख अशी कामाला येते.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जुनं आहे. १८९७मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली, तेव्हा ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित मॅक्सम्युलर आणि इतर काही नामवंतांनी राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज केला. टिळक वर्षभरातच सुटले, अर्थात अटी मान्य करून. १९०८मध्ये मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, तरी टिळकांना मंडालेत जवळपास सहा वर्षं काढावी लागली. पहिल्या खेपेला सरकारला ज्यांची भीड वाटावी अशी माणसं मधे पडली होती. दुसऱ्या खेपेला गर्दी प्रचंड होती, पण ती सरकारला नकोशी असलेलीच गर्दी होती. गुन्हा आणि काळ वेगळा होता हे कबूल, तरी मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या तीन वाटा.

ऑनलाइन सहीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती फुकट आहे, आणि संख्या मोठी झाली तर बातमी होते. पण त्या यादीत सोलापूरचे दहा जण आहेत हे कुणाला कळणार? आणि सही केली की आपल्यालाही काम झाल्यासारखं वाटतं, ती माझी मुख्य तक्रार.

वकिलातीला पत्र लिहायला मेहनत पडते, उत्तराची आशा धरू नये. चीनला नोबेलनेही हलवता आलं नाही. तुरुंगात असलेले चिनी लेखक लिउ शियाओबो यांना २०१०चा शांततेचा पुरस्कार मिळाला, समारंभात त्यांची खुर्ची रिकामी राहिली, चीनने नॉर्वेशी संबंध सहा वर्षं गोठवले आणि शियाओबो २०१७मध्ये कैदेतच कर्करोगाने गेले. नजरकैदेत असलेली त्यांची पत्नी लिउ शिया मात्र पुढच्या वर्षी जर्मनीला जाऊ शकली. तिथेही जर्मनीने पडद्याआड केलेली बोलणी होती. म्हणजे पत्र लिहायचं तर त्यात निषेधाची भाषा नको, विनंतीची हवी. ‘आरोग्य’, ‘कुटुंबाची भेट’ असं काहीतरी, जे देताना समोरच्याची मान खाली जाणार नाही.

कैद्याला पत्र ही माझी आवडती वाट, म्हणून तिचे दोष आधी सांगते. ते पोचेलच असं नाही. तुरुंगवाले ते उघडून वाचतात, म्हणून खटल्याबद्दल, राजकारणाबद्दल चकार शब्द लिहायचा नाही. कैद्याला आधीच माहीत नसलेल्या, निरुपद्रवी गोष्टी लिहाव्या: गड्ड्याची जत्रा, मे महिन्यातलं ऊन, शेंगाचटणी. पत्ता स्वतः शोधू नये, कैद्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेने दिला असेल तरच वापरावा. याने सुटका होत नाही. मात्र या माणसाची कुणीतरी वाट बघतंय, हे पत्र उघडणाऱ्या शिपायालाही कळतं.

‘आपल्या देशातल्यांचं काय?’ हा प्रश्न गटात आलाच, आणि तो टाळून चालणार नाही. इथे आपण नागरिक आहोत. आपल्यापुढे न्यायालय आहे, खासदार आहे, वर्तमानपत्र आहे. ते काम वेगळं आहे आणि ते करायला १५ नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. आणि हा विषय गावाला नवा नाही. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवत. गटातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. मलाही फार वर्षांपूर्वी नव्हतं.

तर माझा सल्ला काकांच्या बाजूने पडतोय, माझ्या नाही. कारण बाकी कुठल्या देशाशी सोलापूरचा काडीचा संबंध नसला, तरी चीनशी आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १९३८मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार केले, १९४२मध्ये तिथेच वारले. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत आले आहेत. एवढ्याने कुणी कैदी सुटणार नाही, पण हे पत्र न वाचता टाकून देणं मुंबईतल्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या माणसाला जरा जड जाईल.

पत्र इल्हाम तोहती यांच्यासाठी. चीनमधल्या उइघुर या मुस्लिम समाजातले अर्थतज्ज्ञ आणि लेखक, २०१४मध्ये जन्मठेप, २०१९मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव पुरस्कार. २०१७पासून घरच्यांना त्यांची भेट नाही. मागणी एकच करू: घरच्यांना भेटू द्या. सुटकेचं नाव काढायचं नाही. यावर पोरं चिडणार, मला माहीत आहे.

काकांनी पहिली ओळ लिहून पाठवलीय: ‘आम्ही डॉ. कोटणीसांच्या गावचे.’ दुसरी ओळ रविवारी बसून लिहू.