कॅरव्हॅनचा जॅमर घेताना आमची झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे कॅरव्हॅन आहे, किंवा जे एखादी जुनी घ्यायच्या विचारात आहेत, त्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं. आमचे 180 पौंड गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण आम्हाला फसवणाऱ्या माणसाला आमचं घर माहीत आहे आणि आमच्या जॅमरची एक चावीही त्याच्याकडे आहे, हे लक्षात आलं तेव्हा आम्हा दोघांची झोप उडाली.

कॅरव्हॅनला ना स्वतःचं इंजिन, ना स्वतःचा नंबर. मागची पाटी असते ती ओढणाऱ्या गाडीच्या नंबरची. चोराने आपली गाडी जोडली आणि आपल्या नंबरची पाटी लावली, की रस्त्यावर ती त्याचीच वाटते. म्हणून विमा कंपन्या चाकाला जॅमर आणि हिचला, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्याला, कुलूप मागतात, आणि पुष्कळ पॉलिसींमध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ची मान्यता असलेलाच जॅमर हवा, अशी अट असते. ही संस्था चोरांकडे असतात तशी हत्यारं वापरून कुलपं फोडून बघते आणि टिकाव पाहून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असा दर्जा देते.

आम्ही जाहिरात पाहिली ती ‘सोल्ड सिक्युअर गोल्ड, घरी येऊन बसवून देऊ’ अशी. आलेला माणूस बोलायला नम्र, व्हॅनवर कंपनीचं नाव, खोक्यावर गोल्डचं चिन्ह, पावती छापील. टायरचं माप त्याने आपणहून घेतलं. कार्डाचं मशीन बंद आहे म्हणून पैसे बँकेतून थेट पाठवायला लावले. चावी एकच दिली. दुसरी कंपनीत नोंदणी झाली की पोस्टाने येईल, म्हणाला. ती आली नाही, आणि त्याचा फोनही लागेना.

खरं काय ते वार्षिक सर्व्हिसिंगच्या वेळी कळलं. घरी आलेल्या मेकॅनिकने जॅमर हलवून बघितला आणि माझ्या नवऱ्याला जवळ बोलावलं. टायरमधली हवा सोडली, आणि कुलपाला हात न लावता अख्खा जॅमर चाकावरून सरकवून काढून दाखवला. मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली: चाकाचे बोल्ट झाकणारी पत्र्याची तबकडी इतकी लहान की बाजूने पाना सहज जातो. म्हणजे चोराने जॅमरसकट चाक काढायचं, आपलं दुसरं चढवायचं आणि निघायचं. बाहेरून मात्र तो पिवळा, जाडजूड जॅमर बघून कुणालाही धीर यावा!

मी सोल्ड सिक्युअरच्या यादीत मॉडेल शोधलं. ते नाही, बनवणाऱ्याचं नावही नाही. विमा कंपनीला विचारलं, तर या जॅमरवर चोरीचा दावा मान्य होणार नाही, असं स्पष्ट उत्तर मिळालं.

बँकेकडे तक्रार केली. फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे बँकेने परत द्यावेत असा नियम ऑक्टोबर 2024पासून आहे, पण वस्तू हातात पडली आहे, तेव्हा हा विक्रेत्याशी असलेला वाद आहे, असं त्यांचं म्हणणं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर गोष्ट वेगळी होती: 1974च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75प्रमाणे 100 पौंडांहून जास्त आणि 30,000पर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. मशीन बंद असण्याचं कारण तेच असावं, असं माझं ठाम मत आहे. मोफत सल्ला देणाऱ्या ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही सगळं कळवलं आहे; ते माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे फसव्या विक्रेत्यांवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याकडे देतात.

आता आम्ही ‘अल्को’चं चाकाचं कुलूप बसवलं आहे. आमची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, याच कंपनीची, त्यामुळे कुलूप ज्यात अडकतं तो रिसीव्हर चाकामागे आधीच होता. कुलूप अलॉय चाकाच्या दोन आऱ्यांमधून आत जाऊन त्या रिसीव्हरला आवळलं जातं, म्हणून हवा सोडून काही साधत नाही, आणि चाकही काढता येत नाही. मात्र कुलपाचा मधला भाग तुमच्या चाकाच्या नक्षीप्रमाणे वेगळा मिळतो; चाकं बदलली तर तोही बदलावा लागतो. बसवताना आऱ्यांमधली फट रिसीव्हरसमोर यावी लागते, त्यासाठी कॅरव्हॅन थोडी पुढेमागे करावी लागते किंवा चाक जॅकवर उचलून फिरवावं लागतं. दोन ॲक्सल असतील तर किती कुलपं हवीत, हे पॉलिसीत आधी बघा. बसवलेल्या कुलपाचे फोटो, पावती आणि दोन्ही चाव्या नीट ठेवा, दाव्याच्या वेळी मागू शकतात.

त्या माणसाची जाहिरात नाव बदलून अजून दिसते आहे. फोटो तेच, पिवळ्या जॅमरचे. त्याच्याकडून कुणी घेतला असेल तर आजच खोक्यावरचं मॉडेल यादीत तपासा, आणि तो जॅमर बदलेपर्यंत कॅरव्हॅनला निदान हिचचं चांगलं कुलूप तरी लावून ठेवा. तो तुमच्या दारात उभा असेल आणि दुसरी चावी पोस्टाने येईल म्हणत असेल, तर पैसे देऊ नका.