हापूस थेट ग्राहकाला विकताना: व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, गूगल की स्वतःचे संकेतस्थळ?

जुलै 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, तेव्हापासून देवगड किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराला वाशीच्या घाऊक बाजारातील दलालाखेरीज अन्यत्र माल विकण्यास कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. अडचण आहे ती पुण्या-ठाण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची, आणि त्यासाठी आपल्या तुटपुंज्या वेळात नेमके काय हाताळावे हे ठरवण्याची. हा व्यवसाय जेमतेम अडीच महिन्यांचा, माल नाशवंत, पैसे बहुधा आगाऊ घ्यायचे. आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका तीन: फळ खरोखर कोकणातले आहे का, ते कार्बाइडने तर पिकवलेले नाही ना, आणि पैसे भरल्यावर पेटी येईल ना. कोणते माध्यम निवडायचे याचा निवाडा मी या तीन शंकांवरूनच करतो.

ज्याने दोन-तीन हंगाम ओळखीपाळखीत पेट्या विकल्या आहेत, त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे निःसंशय पहिले साधन आहे. अ‍ॅप विनामूल्य आहे, त्यात फळाच्या आकारानुसार भाव लावून कॅटलॉग करता येतो, आणि ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’, ‘पेटी पोचली’ अशी लेबले लावली की वहीतला गोंधळ बराच कमी होतो. मात्र ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना धाडण्याच्या सोयीच्या, दोन मर्यादा आधीच ध्यानात घ्याव्यात: एका यादीत 256 क्रमांक मावतात, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत, गवतावर, एक चिठ्ठी ठेवून ‘हा क्रमांक जतन करा’ एवढे लिहिले, तरी पुढच्या वर्षीची विक्री तिथेच सुरू होते. कुठून तरी मिळवलेल्या अनोळखी क्रमांकांवर संदेशांचा मारा करणाऱ्याचे खाते लोकांच्या तक्रारींवरून बंद पडू शकते, आणि ते नेमके एप्रिलमध्ये बंद पडले तर अख्खा हंगाम गेला. व्हॉट्सअ‍ॅपचा खरा उणेपणा असा की ते जुने गिऱ्हाईक टिकवते; नवे आणून देत नाही.

नवे गिऱ्हाईक इन्स्टाग्राम आणते, पण मोल घेऊन. जाहिरातीचे बटण दाबताच थेट व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद उघडेल आणि ती फक्त ठरावीक शहरांत दिसेल, अशी सोय तिथे आहे. ज्या शहरात आपली गाडी किंवा कुरिअर खात्रीने पोचते, तेवढीच शहरे निवडावीत. हिशेब मात्र कागदावर मांडावा. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि ताजे फळ करमुक्त असल्यामुळे निव्वळ आंबा विकणाऱ्याला तो कर परत मिळवण्याची वाट नसते. समजा 10,000 रुपयांची जाहिरात केली, तर खिशातून 11,800 जातात. तिच्यातून 20 पेट्या गेल्या तर एका पेटीमागे 590 रुपये जाहिरातीचेच झाले. दलालाची दलाली आणि तोलाई-हमाली यांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कधी कधी वाशीच बरी ठरते. शिवाय जाहिरात क्षणात थांबवता येते, पण दिलेला शब्द थांबवता येत नाही. मोहरावर तुडतुडे आले किंवा अवकाळीने फळगळ झाली, तर मार्चमध्ये घेतलेल्या नोंदणीचे पैसे परत करत बसावे लागते. फळ झाडावर दिसेपर्यंत पैसे लावू नयेत, असे माझे मत आहे. तोवर विनामूल्य रील पुरेत: बाग, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेले फळ, पिकवण्यासाठी फळ रचलेली गवताची आढी. कार्बाइडची शंका जितकी आढीच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीने फिटते, तितकी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांनी फिटत नाही.

गूगलवरील व्यवसाय-नोंद विनामूल्य असली तरी तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. स्थानिक शोधात गूगल अंतर पाहते, त्यामुळे कोथरूडमध्ये बसून ‘हापूस आंबा’ शोधणाऱ्यापुढे कोथरूडचा फळवाला येतो, देवगडजवळच्या जामसंड्याची बाग नव्हे. तरीही नोंद करावी, आणि तीही तिसऱ्या शंकेसाठी: इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिलेला माणूस आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी बागेचे नाव गूगलवर टाकून पाहतो, आणि तिथे नकाशावरचे ठिकाण व जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या नियमांत बसत नाही; नुसती विनंती करावी. इथे साक्याचा, म्हणजे हापूसच्या गरात आतून होणाऱ्या बिघाडाचा, विचार आधी करून ठेवणे आवश्यक आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, आणि उत्तम बागेतही तो निघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अशा फळाचे छायाचित्र आले तर ती गोष्ट दोघांत राहते. गूगलवर आले तर ती वर्षानुवर्षे सर्वांना दिसते. तेव्हा खराब फळांचे पैसे वाद न घालता परत करण्याची तयारी नसेल, तर या नोंदीचा फायद्यापेक्षा तापच अधिक होईल.

या साऱ्यांत एक जोखीम समान आहे, ती म्हणजे जागा दुसऱ्याची आहे. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथले अनुयायी एका रात्रीत हातचे गेले. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद होती. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, क्रमांक आणि पत्ते वेगळ्या वहीत किंवा तक्त्यात दर आठवड्याला उतरवून ठेवावेत.

स्वतःचे संकेतस्थळ हा या जोखमीवरचा उपाय म्हणून सुचवला जातो, पण अडीच महिन्यांच्या ताज्या फळासाठी तो मला महागडा वाटतो. संकेतस्थळाच्या नुसत्या नावाचा (डोमेनचा) वार्षिक खर्च हजाराच्या आसपास असतो, तो काही जड नाही. जड जाते ते साठा, भाव आणि पिनकोड रोज अद्ययावत ठेवणे, कारण आंब्याचा भाव गुढीपाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा आणि मेअखेरीस तिसराच असतो. ज्याच्याकडे आंबापोळी, डबाबंद रस, कोकम आगळ असा बाराही महिने विकता येणारा माल आहे, त्याचे गणित निराळे. त्याने संकेतस्थळ जरूर करावे, मात्र प्रक्रिया केलेल्या मालाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि ताज्या फळाची करमाफीही त्याला लागू होत नाही, हे धरूनच भाव ठरवावा.