मणीपाटीवर बेरीज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लाकडी चौकट, दहा तारा, प्रत्येक तारेवर दहा मणी. मूल साडेपाच वर्षांचं, वापर रोज दहा मिनिटं.

मोठी उणीव रंगांची. एका तारेवरचे दहाही मणी एकाच रंगाचे, त्यामुळे सात मणी सरकवले तरी ते सात आहेत हे नजरेला कळत नाही. मूल परत एकपासून मोजतं. मणी डावीकडे सरकवत असाल तर उजव्या पाच मण्यांना नेलपॉलिश लावा. मग सात म्हणजे 'पाच आणि दोन' हे न मोजता दिसतं. वरच्या दोन तारा रंगवल्या की झालं. बाकीच्या आठांवर फडकं टाका, नाहीतर बेरीज राहते बाजूला आणि खडखडाट सुरू.

हमखास होणारी चूक: ५ + ३ = ७. मूल पाचव्या मण्यावर बोट ठेवून 'पाच, सहा, सात' म्हणतं; पाचवा मणी दोनदा मोजला जातो. पाचही मणी तळहाताखाली झाकून 'पाच' म्हणवून घ्या. 'सहा' नवा मणी सरकतानाच.

दहाच्या पुढे पाटी खरी कामाला येते. ८ + ५ साठी वर ८, खाली ५. वर दोनच मणी उरलेत, ते आणा आणि खालचे २ परत पाठवा. वर १०, खाली ३. इथे अडतं ते नावापाशी, कारण 'तेरा'त दहा ऐकूच येत नाही. आधी 'दहा आणि तीन', मग तेरा. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला 'वीस एक, वीस दोन' म्हटलं, त्यावर केवढा गदारोळ झाला! पण ती सोय एकवीसपासून पुढे.) घरात अहिराणी असेल तर 'कितला व्हयनात?' असंच विचारा.

पाचाची फोड मात्र पाटीपेक्षा चिंचोक्यांनी लवकर कळते. चिंचोके फोडून पाच अर्धुकं टाका: दोन पांढरी, तीन काळी, पुढच्या वेळी एक आणि चार. शेंगदाणे नकोत, उत्तर येण्याआधी संपतात.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, लाकूड आटून चौकटीचे सांधे सैल झाले आणि दोन तारा निसटल्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे मणी लगेच उचला, घशात अडकतात.

नवी घेण्यापेक्षा दोन नाड्यांत प्रत्येकी ५ लाल, ५ पांढरे मणी ओवणं स्वस्त. मणी १ सेंटिमीटरचा असेल तर दोन गाठींत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. कमी ठेवलं तर सरकवलेले आणि उरलेले मणी एकमेकांना चिकटतात.