जाम झालेला बोल्ट: तेल, आग की हातोडी?

कोल्हापूरचे चार पावसाळे शेडखाली काढलेली पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर उघडायला घेतली की पहिली झटापट बोल्टशीच होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आतूनच आवळले जातात. पान्याला पाईप लावण्याआधी बोल्टच्या शेजारी काय आहे ते बघा. रबर, पेट्रोल की अॅल्युमिनियम? माझ्या मते उपाय त्यावरूनच ठरवावा.

तेल स्वस्त, पण त्याला वेळ लागतो. घरोघरी असतो तो साधा डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला. जाम बोल्टसाठी आट्यांत झिरपणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं काम होतं. फक्त ते मिश्रण फाटतं, दरवेळी हलवावं लागतं, शिवाय अॅसिटोन रंग खातं आणि चटकन पेट घेतं. उघडे आटे तारेच्या ब्रशने घासा, तेल सोडा, बोल्टच्या डोक्यावर हलकं ठोका, रात्रभर राहू द्या. सकाळी आधी किंचित आवळून बघा, मग सोडवा. हलला म्हणून सलग फिरवू नका. अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा. करकरला की पुन्हा तेल. बॉडीचे बोल्ट आणि ब्रेकची ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) यांना मी तेलच वापरेन. ब्रेक लायनिंगवर मात्र थेंबही पडू देऊ नका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या भागाचे नट तेलाला फारशी दाद देत नाहीत. तिथे आगच. गॅस टॉर्चची ज्योत स्टडवर (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर) नको, नटवर धरा. नट फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पेट्रोलची टाकी आधी उतरवा, रबरी होज आणि वायरिंग बाजूला घ्या, मारलेलं तेल पुसा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊच नका, जीवघेणा वायू तयार होतो. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असेल तर जास्त जपा. ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून बेताची ऊब पुरते. पण लाल न होताच वितळतं. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी.

हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर दाराच्या स्क्रूंना उत्तम. बाकी ठिकाणी पाना नीट बसणं महत्त्वाचं. जुन्या अॅम्बेसेडरचे बोल्ट इंची मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना घसरून डोकं गोल करतो. बारा कोनांपेक्षा सहा कोनांचा गोटी पाना घ्या.

बोल्ट तुटलाच, तर ईझी-आउटच्या (तुटका बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या हत्याराच्या) नादी लागू नका. तो आत मोडला की साधं ड्रिल त्याला कापत नाही. उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करणं चांगलं, कारण पकडही मिळते आणि उष्णताही. वेल्डिंगचा हात नसेल तर भाग खोलून थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये न्या आणि आटे जुळवायला सोबत त्याच जागचा एक शाबूत स्टड ठेवा.