फूशिंग पार्कमधला ताई चीचा वर्ग: आधी ओळ, मग अंगावर पडताळा

शांघायमध्ये ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकायला जागा शोधावी लागत नाही. सकाळी कुठल्याही बागेत जा, चार घोळके दिसतात. बहुतेक ठिकाणी स्पीकरवर बासरी लावून चोवीस हालचालींचा संच चाललेला असतो. तो १९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने ताई चीच्या यांग नावाच्या घराण्याच्या लांबलचक संचातून काढून बसवला. पाच-सहा मिनिटांत संपतो, पाठ व्हायला सोपा, आणि मागच्या रांगेत उभं राहून पुढच्याचं बघत बघत कुणालाही करता येतो. शिवाय फुकट. मग पैसे भरून वर्गाला कशाला जायचं, असं लेकीने मला विचारलं. तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मिरजेची, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. नातवाच्या निमित्ताने इथला मुक्काम लांबला आणि शनिवारची सकाळ तेवढी माझी मला मिळाली. वर्ग फूशिंग पार्कमध्ये भरतो. फ्रेंचांनी १९०९ मध्ये खुली केलेली बाग. चिनारच्या जातीची उंच झाडं, मार्क्स आणि एंगेल्सचा दगडी पुतळा, आणि पाण्यात बुडवलेल्या लांब कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढणारे आजोबा. वर्गाला नाव नाही, पाटी नाही. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत. सगळे त्यांना लाओशी म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’ किंवा ‘सर’सारखंच. त्या चिनीतच बोलतात आणि एक जुनी विद्यार्थिनी इंग्रजीत सांगते.

रीत अशी. आधी बागेत यांग घराण्याचा जुना, लांब संच, संगीताशिवाय. मग जवळच्या गल्लीतल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर एक भाड्याची खोली आहे, तिथे सगळे जातात. तिथे प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्यावर जुन्या ग्रंथातली एखादीच ओळ असते, फार तर दोन. मूळ अक्षरं, उच्चार आणि अर्थ. लाओशी ओळ मोठ्याने वाचतात, सगळ्यांकडून म्हणवून घेतात (इथे मला थेट पाठशाळेत आल्यासारखं वाटलं), आणि चर्चेत वेळ न घालवता दोघादोघांच्या जोड्या लावतात. ओळ खरी की खोटी, ते समोरच्याच्या हाताने ठरतं. वर्गाचे पैसे मी यासाठी भरते.

ताई चीचे अभिजात ग्रंथ म्हटलं की जाड पोथ्या डोळ्यांसमोर येतात, पण सगळं मिळून एका पातळ वहीत मावेल. वांग झोंगयुएच्या नावावरचा एक निबंध, तेरा पवित्र्यांचं गीत, त्याचं गद्य विवरण, तुईशोऊचं छोटं गीत आणि इतर एखाद-दोन तुकडे. तुईशोऊ म्हणजे समोरासमोर उभं राहून, मनगटाला मनगट टेकवून एकमेकांचा तोल चाचपण्याचा सराव. ‘अल्पाक्षरमसन्दिग्धम्’ ही सूत्राची व्याख्या आम्ही वर्षानुवर्षं घोकून घेतली. या चिनी ओळींना त्यातलं अल्पाक्षर पुरेपूर लागू आहे, असंदिग्ध मुळीच नाही. भाष्याशिवाय त्या नुसत्या वाचल्या तर सुविचार वाटतात. चहाच्या दुकानातल्या भिंतींवर त्या तशाच टांगलेल्याही दिसतात.

एक ओळ सांगते: ‘एका पिसाचीही भर पडू नये, माशीलाही बसता येऊ नये.’ वाचताना ही काव्यातली अतिशयोक्ती वाटते. सरावात ती सरळ सूचना निघाली. जोडीदाराने माझ्या मनगटावर मनगट टेकवायचं आणि हळूहळू भार वाढवायचा. तो जेवढा वाढवील तेवढंच मी मागे व्हायचं, ना कमी ना जास्त. कमी झाले तर त्याला टेकायला आधार मिळतो. जास्त झाले तर आमचा स्पर्शच सुटतो आणि तो पुढे काय करणार ते मला कळेनासं होतं. बोलायला सोपं आहे. माझी जोडीदार बँकेत काम करणारी तरुण मुलगी. तिचा भार येण्याआधीच माझा खांदा ताठ होतो हे तिने मला न सांगता दाखवलं, म्हणजे त्याच खांद्याला धरून मला फिरवून सोडलं.

दुसरी ओळ जास्त भांडणाची आहे. निबंध म्हणतो की भार एका बाजूला कलला तर माणूस वळू शकतो, दोन्हीकडे सारखा झाला की अडतो. पुढे असंही म्हणतो की वर्षानुवर्षं मनापासून सराव केलेली माणसंही दुसऱ्याच्या ताब्यात जातात, कारण हा दोष त्यांना उमगलेला नसतो. सर्रास सांगितला जाणारा अर्थ असा की दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून उभं राहू नये. पण संचाची सुरुवात आणि शेवट दोन्ही पायांवर सारखं उभं राहूनच होतो, मग तो दोष कसा? मी ही शंका काढली तेव्हा लाओशींनी मला उभं केलं, दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि ढकललं. मीही जोर लावला. दोघी अडकलो, आणि अशा वेळी ज्याच्यात ताकद जास्त तो जिंकणार हे उघड आहे. मग म्हणाल्या, उजवा खांदा रिकामा सोड, तेवढाच डावा भर. त्यांचा उजवीकडचा जोर घसरून गेला आणि डावीकडून मी त्यांच्या अंगाशी पोचले. माझे पाय होते तिथेच होते. म्हणजे अडकणं दोघींच्या मधल्या स्पर्शात होतं. पायांचा अर्थ लाओशींनी खोडला नाही, दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवले. टीकाकारांचा मतभेद असा मोकळा ठेवणारा शिक्षक मला आवडतो. आमच्याकडे परीक्षेच्या धाकाने आम्ही तो कधी ठेवला नाही.

‘मूळ पायात, उगम मांडीत, सत्ता कमरेची, प्रकट बोटांत.’ ही ओळ एका तपासणीत संपली. पुढे केलेल्या तळव्यावर लाओशी दाबतात आणि विचारतात, कुठे कळलं? खांद्यात कळलं असं सांगितलं की मान हलवतात. टाचेत कळलं की पुढच्याकडे जातात.

माझ्या आवडीची ओळ मात्र सौम्य नाही, चांगली खवचट आहे. इतर युद्धकलांबद्दल निबंधकार म्हणतो की त्यात बलवान दुबळ्याला दडपतो आणि संथ माणूस चपळापुढे हरतो. ही तर उपजत शक्ती, तिचा शिकण्याशी संबंध काय? आणि लगेच विचारतो की ऐंशी-नव्वदीचा म्हातारा अनेकांना आवरतो तेव्हा तो चपळाईच्या जोरावर आवरतो का? यांग घराण्यातल्या यांग चंगफूने सांगितलेले आणि चेन वेइमिंगने टिपून घेतलेले दहा मुद्दे आहेत, त्यात ‘मन वापरा, जोर वापरू नका’ हा मुद्दा येतो तो याच धाग्याचा. वर्गात जिमला जाणारे दोन दांडगे तरुण आहेत. या ओळीच्या दिवशी त्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

आता तक्रारी. पहिल्या दिवशी मिळणाऱ्या माहितीपत्रकात झांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धाने ही कला निर्माण केली असं ठामपणे छापलं आहे. आख्यायिका म्हणून छान, इतिहास म्हणून नाही. १९३० च्या दशकात तांग हाओ या संशोधकाने हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावी जाऊन कागदपत्रं तपासली, सिद्धाची गोष्ट बाजूला सारली आणि कलेचा कर्ता म्हणून त्याच गावच्या, सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगकडे बोट दाखवलं. ग्रंथांची खरी हकिगत तर आख्यायिकेपेक्षा रंगतदार आहे. यांग घराण्याचा मूळपुरुष यांग लूचान (१७९९–१८७२) चेनजियागोऊला चेन चांगशिंगकडे शिकला आणि योंगनियानला आपल्या गावी परतला. तिथल्या वू यूशियांगला त्याच्यामुळे गोडी लागली. वूचा थोरला भाऊ वूयांग तालुक्याचा अधिकारी होता. निबंधाची संहिता तिथल्या एका मिठाच्या दुकानात मिळाली, असं वूचा भाचा ली यीयू लिहितो. त्याच लीने १८८१ मध्ये आपल्या हाताने तीन प्रती केल्या. ज्याच्या नावावर निबंध आहे त्या वांगबद्दल खात्रीचं जवळपास काही हाती लागत नाही, त्यामुळे वूनेच तो लिहिला असावा अशी शंका घेणारेही आहेत. मी हे विचारल्यावर लाओशी हसल्या आणि म्हणाल्या, कुणी का लिहिला असेना, तुझा खांदा अजून वर आहे. उत्तर हजरजबाबी, पण पत्रक तसंच वाटलं जातंय.

खोली लहान आहे. जूनच्या सुमाराला इथे मेइयू लागतो, चिकट, संततधार पाऊस. तेव्हा सगळा वर्ग त्या खोलीतच भरतो आणि संचातली ‘चाबूक’ नावाची हालचाल शेजारणीच्या कानाला लागते. तिमाहीची फी एकदम वुईचॅट या मोबाइल अ‍ॅपवर भरावी लागते, चुकलेला वर्ग भरून मिळत नाही. फी पुण्यातल्या योगवर्गापेक्षा बरीच जास्त, इथल्या चकचकीत जिमपेक्षा कमी. इंग्रजीत सांगणारी विद्यार्थिनी आली नाही तर त्या दिवशी तुम्ही आणि तुमचं नशीब. ओळीमागचं सगळं विवेचन बुडतं, सराव तेवढा उरतो. आणि काही मंडळी लाओशींचं बोलणं चालू असताना मोबाइलवर चित्रीकरण करत बसतात, त्यांना कुणीतरी आवरायला हवं.

गुडघ्यांबद्दल मला पुष्कळांनी विचारलं म्हणून सांगते. खाली बसण्याची सक्ती नाही. उंच पवित्र्यात केलेलं चालतं, फक्त गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकला पाहिजे यावर बाई कडक आहेत. ज्यांना महिन्याभरात संच पाठ करून मोकळं व्हायचंय त्यांनी स्पीकरवाल्या घोळक्यात जावं, तिथली माणसं प्रेमळ आहेत आणि कुणाला नाही म्हणत नाहीत. ज्यांना अनोळखी माणसाने हात लावलेला चालत नाही त्यांचाही इथे निभाव लागणार नाही, कारण अर्धा वर्ग जोडीनेच चालतो. बाकीच्यांनी पातळ, सपाट तळव्याचे कापडी बूट घालून जावं. जाड तळव्याच्या धावायच्या बुटांत टाचेतलं काही कळत नाही, आणि लाओशी ते काढायला लावतात, थंडीतसुद्धा.