कोअरयुटिल्स आणि पाइप: गोव्यातल्या याद्यांना कितपत पुरतात?

चवथीच्या ऑर्डरींची कुठलीही यादी उघडा. गावाच्या रकान्यात मडगाव, मडगांव, म्हापसा, म्हापशें, फोंडा, फोंडें अशी सरमिसळ असते. कोणी मराठीत लिहिलं, कोणी कोंकणीत. चूक कोणाचीच नाही, पण गाववार हिशेब बिघडतो. या कामाला जीएनयू कोअरयुटिल्स (लिनक्समध्ये टाइप करून चालवायच्या छोट्या आज्ञांचा संच) हे फुकटातलं उत्तम हत्यार आहे. मात्र देवनागरी आली की त्यातले काही तुकडे दगा देतात. पुढचं सगळं उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) धरून आहे. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घालून घ्यावं.

साखळी अशी (उभी रेघ म्हणजे पाइप, आधीच्या आज्ञेचा निकाल पुढच्या आज्ञेला देणारी; मजकूर बदलणारा सेड मात्र कोअरयुटिल्सच्या बाहेरचा): टेल | कट | सेड | सॉर्ट | युनिक | सॉर्ट.

टेलला दुसऱ्या ओळीपासून सुरू करायला सांगा. मथळा गळतो, आणि एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) सुरुवातीला असणारी तीन अदृश्य बाइट्सही त्याच्याबरोबर जातात. कट स्वल्पविरामावर तोडून गावाचा रकाना देतो. सेड आधी ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढतो (नाहीतर एकच मडगाव दोनदा मोजलं जातं), मग मडगांवचं मडगाव, म्हापशेंचं म्हापसा करतो. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो आणि सांगितलं तर त्या मोजतो, म्हणून त्याच्याआधी सॉर्ट हवाच. तो विसरलात तर एकच गाव दहा ठिकाणी दिसेल आणि चूक दाखवणारा संदेशही येणार नाही. शेवटचा सॉर्ट आकड्यांनुसार, उलट क्रमाने.

आता खोट कुठे ते. कटला अक्षरं मोजून तोडायला सांगितलं तरी तो बाइट्स मोजतो. ‘पेडणे’तला ‘प’ तीन बाइट्सचा आणि मात्राही तीनची, त्यामुळे पहिली चार मागितली की पुढे चौकोनी कचरा. अक्षरं बदलणाऱ्या टीआरचंही तेच, त्याला देवनागरी द्यायचीच नाही. सगळ्यात महागात पडतात ते आकडे. रक्कम ‘९००’ अशी देवनागरीत असेल तर सॉर्टच्या आकडी क्रमात ती शून्य धरली जाते; अशा सगळ्याच रकमा शून्य ठरल्या की अक्षरक्रम लागतो, म्हणून चढत्या क्रमात ‘१२००’च्या खाली ‘९००’ येतं. ऑकने (रकान्यांवर हिशेब करणारी आज्ञा) केलेली बेरीज तर सरळ शून्य. उपाय सेडच्या ‘वाय’ आज्ञेत आहे, ती एका अक्षराच्या जागी दुसरं घालते: देवनागरी दहा अंक एका बाजूला, इंग्रजी दहा दुसऱ्या बाजूला, आणि हा टप्पा सॉर्टच्या आधी.

कोणी रकान्यात ‘साखळी, डिचोली’ असं अवतरणात लिहिलं असेल तर कट तिथेही तुटतो, त्याला अवतरणं कळत नाहीत. अशा फाइलींना मिलर (अवतरणं समजणारं वेगळं साधन) वापरा.

निकाल त्याच फाइलीत वळवू नका. सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम, उबुंटूत बॅश) ती रिकामी करतो. सॉर्टचा ‘ओ’ पर्याय त्यासाठीच दिलाय. स्क्रिप्टमध्ये ठेवणार असाल तर बॅशचं पाइपफेल चालू करा, नाहीतर मधला तुकडा कोसळला तरी शेवटचा यशस्वी झाला म्हणून सगळं ठीक समजलं जातं. फक्त ग्रेपला (ओळी शोधणारी आज्ञा) काहीच सापडलं नाही की तोही अपयश कळवतो, एवढं ध्यानात असू द्या.

गाववार मोजणीला पाचपैकी साडेचार गुण. रकमांच्या बेरजेला तीन, तेही अंक आधी बदलून घेतले तर.