उन्हाळ्यात विणायचं तर 8 प्लाय सुती धागा: गुण, खोड्या आणि हिशेब

मार्च सरत आला की नाशिकमधले निम्मे स्वेटर सुईवरच्या टाक्यांसकट कपाटात जातात. त्याला आळस म्हणणं सोपं आहे, पण बहुतेक वेळा दोष धाग्याचा असतो. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरतं, अॅक्रिलिक ही कृत्रिम लोकर जेमतेम 2 टक्के. म्हणजे बोटांचा घाम अॅक्रिलिक टिपत नाही, धागा बोटाला चिकटत राहतो, नकळत ताण वाढतो, टाके आवळतात आणि सुई पुढे सरकत नाही. त्यात विणून झालेली स्वेटरची पाठ मांडीवर रजईसारखी पडलेली. मन उडणारच.

म्हणून एप्रिल-मे पुरता 100 टक्के सुती 8 प्लाय, म्हणजे मध्यम जाडीचा, धागा घ्यावा, असं स्पष्ट मत. अॅक्रिलिकपेक्षा तो महाग पडतो आणि त्याला स्वतःच्या खोड्या आहेत. मेन रोड, शालिमारच्या बाजूला मागताना ‘मिल्क कॉटन’ हातात ठेवतील. मऊ असतो, रंगही गोड, पण त्यात बरेचदा अॅक्रिलिकची भेसळ असते. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. शुद्ध सुती धाग्याचा 100 ग्रॅमचा गुंडा 200 मीटरच्या आसपास भरतो.

पहिली खोडी: सुताला लवचीकपणा नाही. अॅक्रिलिकची रिब (काठाची उभ्या रेघांची, ताणणारी वीण) ताणून सोडली की परत येते, सुताची येत नाही. रिबसाठी सुई एक-दोन नंबर बारीक घ्या: अंगाला 4 मिमी असेल तर रिबला 3.25. दुसरी खोडी फाटण्याची. सैल पीळ असलेल्या धाग्यात टोकदार सुई घुसते आणि टाक्यातले दोन-तीन पदर मागे राहतात. ते लगेच दिसत नाही, धुतल्यावर तिथे फास बाहेर येतो. उजेडात प्रत्येक ओळ उलटी करून बघण्याची सवय लावावी. मर्सराइज्ड (रसायनाने चमकदार केलेल्या) सुताला पीळ घट्ट, चमकही असते, ते कमी फाटतं. पण ते गुळगुळीत असल्याने शेवटची टोकं निसटतात. जोडताना 15 सेंमी शेपूट ठेवा आणि एकदा या दिशेने, मग उलट दिशेने ओवा. सुताचे तंतू लोकरीसारखे एकमेकांत गुंतत नाहीत, म्हणून एकदाच ओवलेलं टोक दोन धुण्यांत डोकं वर काढतं.

सुयांबद्दल. जुन्या अॅल्युमिनियमच्या सुया घामाच्या हातात काळपट होतात आणि फिक्या सुतावर राखाडी छटा उतरते. बांबूच्या सुया घाम टिपतात, हातातून सटकत नाहीत. मात्र मुळात घट्ट विणणाऱ्यांनी सूत आणि बांबू ही जोडी घेऊ नये, टाके ढकलून ढकलून अंगठा दुखतो. त्यांना स्टीलची गोल सुई (वायरने जोडलेल्या दोन टोकांची) बरी. वजनही वायरवर राहतं. बांबूला कुसळ आलं तर बारीक पॉलिश पेपरने घासून मेणबत्ती फिरवा. नंबराचा घोळ वेगळाच. आपल्याकडचा 8 नंबर म्हणजे 4 मिमी, अमेरिकन नमुन्यातला 8 म्हणजे 5 मिमी. आपल्या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. इंटरनेटवरचा नमुना करताना मिलिमीटरच बघा.

आता काय विणायचं? स्वेटर नकोच. सुताची गोडी लागायला माठावरचं झाकण पुरे. 4 मिमी सुईवर 4 टाके घाला, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीत: 2 सुलट, सुईवर धाग्याचा एक वेढा, पुढे सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. 44 झाले की उतार सुरू: 1 सुलट, 2 एकत्र, एक वेढा, पुन्हा 2 एकत्र, उरलेले सुलट. 4 टाके उरले की बंद करा. साधारण 14-15 सेंमीचा चौकोन होतो, तांब्याला किंवा पाण्याच्या जगला बरोबर. माठाच्या तोंडासाठी 60 टाक्यांपर्यंत वाढवा. कडेला आपोआप भोकं पडतात, त्यांत मणी अडकवले की पंख्याच्या वाऱ्याने झाकण उडत नाही. लहान चौकोनाला 15-16 ग्रॅम धागा लागतो, म्हणजे एका गुंड्यात सहा बसतात. दोन-तीन संध्याकाळी एक पूर्ण होतो, आणि हातावेगळं झालेलं काम पुढच्याला ओढून नेतं.

पुढची पायरी बाळाचं टोपडं. डोकं 36 सेंमी असेल तर टोपडं 33 धरा, कारण सूत वापरात सैलावतं. 10 सेंमीत 22 टाके बसत असतील तर 72 टाके. धागा 30-35 ग्रॅम. बारसं पावसाळ्यात असेल तर वेळेवर होतं.

घामावर टाल्कम पावडर लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. गडद धाग्यावर पांढुरके पट्टे राहतात, त्यापेक्षा गार पाण्याने हात धुऊन कोरड्या नॅपकिनला पुसावेत.

कपाटातल्या स्वेटरचं काय? ठेवतानाच सुईवरून उतरवा. टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवा, कारण महिनोन्‌महिने सुईवर ताणलेल्या टाक्यांची आडवी रेघ कापडावर दिसते. चिठ्ठीवर ओळीचा क्रमांक, सुई आणि वीण लिहून गुंड्याच्या लेबलसकट पिशवीत टाका. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, तिथे डांबराच्या गोळ्या वाया जातात. लोकर अस्सल असेल तरच त्या हव्यात.

लोकर कमी पडेल असा अंदाज असेल तर तेव्हाच घ्या. लेबलवरचा लॉट क्रमांक बदलला की त्याच रंगाची छटा बदलते, आणि सहा महिन्यांनी तोच लॉट मिळेल अशी आशा करू नये. स्वेटर अर्ध्यात कायमचे सुटतात ते जास्त करून या एका कारणाने.

श्रावणात, हवा गार झाली की पुन्हा काढा. निफाडकडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो, त्यामुळे स्वेटर अंगात घालायचाच असेल तर गणपतीनंतर सुरुवात करणं उशिराचं. थेट सुईला हात न लावता आधी 20 टाक्यांचा तुकडा 10 ओळी विणा आणि जुन्या भागाशी ताडून बघा. मधल्या काळात हात सुताला सरावलेला असतो, ताण बदलतो. तुकडा घट्ट आला तर सुई अर्ध्या मिमीने जाड करा. मग जिथे थांबला होतात तिथून दोन ओळी उसवून पुढे चला. घामाच्या दिवसांतल्या शेवटच्या ओळी हमखास आवळलेल्या असतात.

सुती धाग्याला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रिबसाठी कापला, एक रंगासाठी. मरून आणि गडद निळा घेण्याआधी ओला पांढरा रुमाल धाग्यावर घासून बघा. रुमाल रंगला तर तो गुंडा परत ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून सुटणारा रंग बसत नाही, दुकानदार काहीही म्हणोत. पांढऱ्यासोबत पट्टे विणायचे असतील तर फिका पिस्ता किंवा लिंबू रंग बरा.